परस्त्रीच्या भूमिकेत आमची ही

१३ जुलै, रविवार

भीमसेनने फर्मान काढलंय की प्रत्येक नटाने रोज आपल्या पात्राची डायरी लिहायची. पात्र सकाळी उठल्यावर काय विचार करतं, कोणत्या कुशीवर झोपतं, सगळं. भीमसेन मूळचा निपाणीचा, इथे बँकेत मॅनेजर. इथल्या मराठी मंडळाची गणपतीतली नाटकं तोच लिहितो, तोच बसवतो, त्यामुळे त्याला दुखवून चालत नाही. पण माझं पात्र मला अजून नीट माहीत नाही. तूर्त स्वतःबद्दलच लिहितो. मी मला बऱ्यापैकी माहीत आहे.

पात्र असं : पन्नाशीचा गृहस्थ, सरकारी नोकरी, एक मुलगा, एक बायको. संसाराला कंटाळलेला. तीन अंकभर एका परस्त्रीच्या मागे लागतो आणि तीनही वेळा फजिती होते. नाटकाचं नाव 'घरी कोणी नाही'. मी पंचावन्नचा, संरक्षण खात्याच्या संस्थेत रडारवर आयुष्य घालवलेला, तेव्हा फजितीचा अनुभव सोडला तर बाकी सगळं जुळतं.

आज बसवनगुडीत, शाळेच्या सभागृहात पात्रं वाटली. भीमसेनने मला पाहताक्षणी नायक केलं. म्हणाला, "सर, तुम्हाला अ‍ॅक्टिंग करायला लागणारच नाही की हो." मला बरं वाटलं. परस्त्रीची भूमिका गौरीला द्यायची त्याच्या मनात होती. गौरी दोन वर्षांपूर्वी पुण्याहून इंदिरानगरला आलेली, आयटीतली, पंचेचाळिशीची, नवरा सिंगापूरला. हसली की सगळं सभागृह तिच्याकडे बघतं. मीही बघितलं. त्यात काय पाप आहे?

तिथे विठोजीराव आडवे आले. हे आमचे अध्यक्ष. तीन पिढ्या बसवनगुडीत. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी आणि उरलेल्या निम्म्यात नियम. वीस वर्षांपूर्वी एका नाटकात एका घरचा नायक आणि दुसऱ्या घरची नायिका होती, त्यावरून इतकं रामायण झालं की दोन्ही घरं मंडळात यायची बंद झाली. तेव्हापासून ठराव आहे : स्टेजवर हात धरायचा असेल तर नवरा-बायकोनेच धरायचा.

विठोजीरावांनी संहिता चाळली. "ह्या नाटकात हा माणूस बायकोचा हात कुठे धरतो?"

"कुठंच नाही," भीमसेन म्हणाला. "बायकोचा कशाला धरेल?"

"आणि त्या दुसरीचा?"

"दोन वेळा."

"मग झालं की. दुसरी म्हणजे प्रतिमाक्का. बायको म्हणजे गौरी."

मी म्हटलं, अहो, माझ्या बायकोने माझी बायको व्हायचं सोडून माझी भानगड व्हायचं, हा काय न्याय? विठोजीराव म्हणाले, "रूल अंदरे रूल, उमाकांता. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी. जरा जुळवून घ्या की." शेवटी गौरी माझा कान धरून मला ओढत नेते, त्याचं काय, हेही मी विचारलं. कान चालतो म्हणाले. ठराव हाताचा आहे.

मला वाटलं प्रतिमा नाही म्हणेल. सत्तावीस वर्षांत ती स्टेजच्या पायरीवरसुद्धा चढलेली नाही. ती मागच्या रांगेत होती. तिने पर्स खाली ठेवली आणि पुढे येऊन संहिता मागितली.


१९ जुलै, शनिवार

पहिली तालीम. पहिल्याच प्रवेशात प्रतिमा मला "तू" म्हणाली. संहितेतच आहे तसं, पण माझं पुढचं वाक्य डोक्यातून गेलं. घरी मी कायम "अहो". सत्तावीस वर्षांत "तू" सोडा, नावानेही हाक मारलेली नाही. आणि इथे चाळीस खुर्च्यांसमोर कमरेवर हात ठेवून म्हणते, "तू इतका घाबरतोस का रे माझ्याशी बोलायला?" सगळे हसले. मी ओशाळलो, तेही भूमिकेत बसलं.

ती फारच छान काम करते. भीमसेन बघतच राहिला. रिक्षात तिला विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, सांगलीला कॉलेजात तीन वर्षं काम करत होते, एकदा बक्षीसही मिळालंय. मी म्हटलं, कधी बोलली नाहीस. म्हणाली, कधी विषय निघाला नाही. मग जे. पी. नगरच्या सिग्नलला रिक्षावाल्याशी कानडीत बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. दोघं हसत होते. कशावर, ते मला कळलं नाही. माझं कानडी 'सरी' (बरं) आणि 'बेडा' (नको) यांवर थांबलंय आणि तेवढ्यावर अठ्ठावीस वर्षं निभावलीत.


२७ जुलै, रविवार

आज एक गंमत झाली. दुपारी प्रतिमा गवार निवडत होती. मी समोर बसलो आणि सहज नाटकातलं वाक्य टाकलं, "आज तुझा आवाज ऐकला नाही, दिवस गेल्यासारखा वाटेना." तिने मान वर न करता पुढचं वाक्य दिलं, "दिवस जातोच, तू घड्याळाकडे बघू नकोस." मी पुढचं म्हटलं, तिने त्याच्या पुढचं. गवार संपेपर्यंत आम्ही अख्खा दुसरा प्रवेश बोललो. आमचा मुलगा ध्रुव नोकरीला पुण्याला गेल्यापासून आमचं इतकं बोलणं झालेलं नव्हतं.

प्रवेश संपला तशी ती निवडलेली गवार घेऊन उठली. मी म्हटलं, मग अजून काय? म्हणाली, पुढे गौरीची एंट्री आहे.

पण सुरुवात वाईट नाही. माणसाला पन्नाशीनंतर स्वतःच्याच बायकोशी प्रेमप्रकरण करायची संधी मिळते, हे भाग्यच. रात्री जरा लवकर झोपायच्या खोलीत गेलो. ती ध्रुवच्या खोलीत झोपते. दोन वर्षं झाली, माझ्या घोरण्यामुळे. मी तिला सांगितलं की घोरणं आता कमी झालंय. ती म्हणाली, बरं झालं, तब्येतीला चांगलं.


२ ऑगस्ट, शनिवार

पुण्याच्या फ्लॅटचा ताबा नोव्हेंबरात मिळणार, ध्रुवचा फोन आला. मी डिसेंबरात ऐच्छिक निवृत्ती घेतोय, हे वर्षभरापूर्वीच ठरवलं. डिसेंबर संपायच्या आत सामान हलवायचं. माणसाने शेवटी आपल्या माणसांत जावं. इथे काय, भाजीवाल्याशी भांडायचं तरी खुणांनी.

प्रतिमाला पडद्यांचे रंग दाखवले. मोरपंखी की राखाडी? "कुठलाही," म्हणाली. हा तिचा गुण मला पहिल्यापासून आवडतो. तिला कुठेही चालतं, काहीही चालतं. ध्रुव मात्र फोनवर म्हणाला, "बाबा, आईला विचारलंय का?" मी म्हटलं, अरे, रंग दाखवले की आत्ता. तो म्हणाला, "रंगांचं नाही म्हणत मी." आजकालच्या मुलांना सगळ्यात प्रश्न दिसतात. फोन आईला दे म्हणाला, तर ती घरी नव्हती. शेजारच्या कावेरीबरोबर क्लासला गेली होती. दोघी मिळून बाहेरून आलेल्यांना कानडी शिकवतात. पूर्वी चार-पाच जण असायचे, आता तीन बॅचेस आहेत म्हणे, एक तर गौरीच्याच सोसायटीत, आणि गौरीसुद्धा शिकते. टाइमपास चांगला आहे. पुण्यात त्याचा काही उपयोग नाही, पण तिथे भजनी मंडळं पुष्कळ आहेत.


९ ऑगस्ट, शनिवार

तिसऱ्या अंकाची तालीम. मी गुडघ्यावर बसून तिचा हात धरतो, "चल माझ्याबरोबर. उद्याच. सगळं ठरवलंय मी." ती हात सोडवून घेते, "नाही रे. मला यायचं नाही." त्यावर माझं वाक्य, "मग निदान जेवायला काय करू ते तरी सांग," आणि हशा. नाटकातला सगळ्यात मोठा हशा हाच.

भीमसेनने सात वेळा करून घेतलं. प्रतिमाला म्हणाला, "वहिनी, हा नकार अगदी खरा येतोय. असंच ठेवा." मला म्हणाला, "सर, वहिनींचं वाक्य संपू तरी द्या की हो. त्या बोलायला लागल्या की तुमच्या तोंडावर तुमचं पुढचं वाक्य दिसतंय. ऐका आधी. मग बोला."

मी म्हटलं, ऐकतो की. त्याने प्रतिमाकडे बघितलं. तिने पाण्याची बाटली उघडली.

हे आता मला झेपेनासं झालंय, खरं लिहायचं तर. रोज संध्याकाळी ती माझ्याशी लाडात बोलते, डोळ्यांत बघून हसते, शेवटी नाही म्हणते आणि लोक टाळ्या वाजवतात. मग रिक्षात बसलो की पुन्हा "अहो, दूध संपलंय." मला रिक्षातून उडी मारून परत त्या सभागृहात जावंसं वाटतं. तिथे निदान ती आहे. घरी आल्यावर मी तिची वाट बघतो, ती स्वयंपाकघरात असूनही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सांगू कोणाला? की माझ्याच बायकोने माझ्याशी बोलावं म्हणून मी झुरतोय? ऑफिसात हसतील.

वाक्यं मात्र घरी अजून चालतात. काल चहा घेताना मी तिसऱ्या अंकातलं टाकलं, "चल माझ्याबरोबर." ती ताबडतोब म्हणाली, "नाही रे. मला यायचं नाही." चोख. पाठांतर झकास आहे तिचं.


१६ ऑगस्ट, शनिवार

आज मी एक उद्योग केला. हात दाखवून अवलक्षण.

गौरीला मेसेज केला की पात्राविषयी जरा बोलायचंय, इंदिरानगरात कॉफी घेऊया का. लगेच अंगठा आला. प्रतिमाला सांगितलं, ऑफिसात रिव्ह्यू आहे. निळा शर्ट घातला. ती म्हणाली, रिव्ह्यूला शोभेल. का गेलो? घरात कोंडल्यासारखं झालंय म्हणून गेलो. कोणीतरी माझ्याशी संहितेबाहेरचं चार शब्द बोलावं, एवढंच हवं होतं. एवढंच नव्हतं, पण तेही होतं.

गौरी आली तीच हुकूम सोडत. वेटरला म्हणाली, सरांची विदाउट शुगर. मी काही बोलायच्या आत, "तुमची बॉर्डरलाइन आहे ना? आणि हे काय, त्या एसीखाली कशाला बसलात, मान धरेल." महिनाभर माझी बायको होऊन तिला सवयच लागली असावी. मी आलो होतो बायकोपासून सुटायला आणि समोर दुसरी बसली. आगीतून फुफाट्यात.

तरी धीर केला. कॉफी आल्यावर आवाज खाली घेऊन म्हटलं, "तुझ्याशी बोललं ना, की मोकळं वाटतं. वाटतं, आपण अजून जिवंत आहोत."

गौरी इतक्या जोरात हसली की शेजारच्या टेबलावरचे वळले. "सर! ही दुसऱ्या अंकातली लाइन आहे. आणि ती प्रतिमाताईंबरोबरची आहे! माझ्याबरोबर तुमची फक्त भांडणं आहेत."

शपथेवर सांगतो, मला ते माझंच वाक्य वाटलं होतं.

मग ती हसायची थांबली. "अ‍ॅक्च्युअली सर, मलाच तुमच्याशी बोलायचं होतं. पुण्याचं तुम्ही फायनल केलंय का खरंच?"

"हो. का?"

"प्रतिमाताईंना विचारून?"

"तिला काय, तिला कुठेही चालतं."

ती कपातला फेस चमच्याने हलवत बसली. मग म्हणाली, "तुम्ही एकदा त्यांच्या क्लासला येऊन बसा ना. मागे, शेवटच्या खुर्चीवर. एकदा बघा तरी." मी म्हटलं, मला आता या वयात कानडी कशाला? आणि विचारलं, की हे सगळं तुला का सुचतंय? तर शांतपणे म्हणाली, "मी इथे आलेय हे ताईंना माहितीये. मीच सांगितलं, तुमचा मेसेज आला तेव्हा. त्या म्हणाल्या, जा. माझं ऐकत नाहीत, तुझं कदाचित ऐकतील."

बिल मी दिलं. मेट्रोत उभ्याने आलो. म्हणजे दोघींनी मिळून माझी ही फजिती ठरवली होती तर! क्लास बंद पडेल म्हणून शिष्या गुरूसाठी रदबदली करतेय आणि मी मात्र निळा शर्ट घालून बसलोय. एखाद्याच्या भावनांशी इतकं खेळू नये.

घरी प्रतिमाने दार उघडलं. "कॉफी बरी होती का?" म्हणाली. मी हो म्हटलं. ती पोळ्या करायला गेली.


१७ ऑगस्ट, रविवार

ती चिडलेली नाही. मी दिवसभर वाट बघितली. नाटकातली बायको या ठिकाणी ताट आपटते. हिने मला वाढलं, भाजी आवडली का विचारलं. तिने एक शिवी दिली असती तरी मला बरं वाटलं असतं. मला भीती वाटतेय, आणि कशाची ते नेमकं सांगता येत नाही.


२४ ऑगस्ट, रविवार

आठ दिवस काही लिहिलं नाही. रोज तालीम. मी पाठांतरात चुकत नाही, पण भीमसेन खूश नाही. आज पुन्हा तेच, "ऐका, सर. उत्तर माहीत नसल्यासारखं ऐका." मी वैतागून म्हटलं, अरे, पण मला उत्तर माहीत आहे! पन्नास वेळा ऐकलंय! तो म्हणाला, "पन्नास वेळा ऐकून पण तुम्ही एकदा सुद्धा दचकला नाही. माणूस 'चल' म्हणतो आणि समोरची 'नाही' म्हणते. दचकायला नको?"

विठोजीराव विंगेत प्रॉम्प्टिंगला बसतात. तेही म्हणाले, "हौदू, खरंय, दचकाच जरा."


१ सप्टेंबर, सोमवार

काल प्रयोग झाला. सभागृह भरलेलं, उभे राहूनही लोक होते. पहिले दोन अंक छान गेले. प्रतिमाने पिवळी साडी नेसली होती, केसांत मल्लिगे, म्हणजे आपला मोगरा. लोकांनी तिच्या प्रत्येक वाक्याला दाद दिली.

तिसरा अंक. मी गुडघ्यावर बसलो. "चल माझ्याबरोबर. उद्याच. सगळं ठरवलंय मी."

"नाही रे. मला यायचं नाही."

आणि मला भीमसेनचं आठवलं, दचकायला हवं. म्हणून मी ऐकलं. पुढचं वाक्य बाजूला ठेवून तिच्या तोंडाकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती आणि तिचे डोळे भरलेले होते. तालमीत ते कधी भरले होते का? मला सांगता येणार नाही, मी बघितलंच नव्हतं.

मी खरोखर दचकलो. वाक्य आठवेना. विंगेतून विठोजीराव कुजबुजत होते, "जेवायला काय करू... जेवायला..." मला ऐकू येत होतं, म्हणता येत नव्हतं. माझ्या तोंडून भलतंच आलं, "का?"

संहितेत 'का' नाही.  प्रतिमा म्हणाली, "तू मला विचारलंस कुठे? ठरवलंस आणि कळवलंस. माझी सगळी माणसं इथे आहेत. माझं काम इथे आहे. मी तुझ्या सामानात नाही रे."

कोणीच हसलं नाही. मग मागून एका बाईने टाळी वाजवली आणि तिच्यामागे सगळं सभागृह. लोकांना ते नाटकच वाटलं. मी गुडघ्यावर तसाच. उठून जावं म्हटलं तरी कुठे जाणार, एका विंगेत विठोजीराव, दुसऱ्या विंगेत गौरी, समोर चारशे माणसं. टाळ्या थांबल्या तेव्हा मला एवढंच सुचलं, जे पाठ होतं ते. "मग निदान जेवायला काय करू ते तरी सांग."

छप्पर उडेल असा हशा. गौरी आली, माझा कान धरला आणि मला घेऊन गेली. पडदा.

भीमसेनने मला मिठी मारली. "सर, आज ऐकलात! आणि वहिनी, ते वाक्य मीच लिहायला हवं होतं." प्रतिमा केसांतली फुलं काढत होती. येताना रिक्षा केली. रिक्षावाल्याशीही ती काही बोलली नाही.

आज सकाळी तिच्यासमोर बसलो. सुट्टी टाकली. रात्रभर एकच विचार केला होता. ती म्हणाली ते सोपं आहे, मी विचारलं नाही, एवढंच तिचं दुःख. तर विचारू. विचारलं की झालं. चूक मोठी, पण दुरुस्ती सोपी, असं मला वाटलं आणि खरं सांगतो, खूप हलकं वाटलं.

म्हटलं, "प्रतिमा, मी चुकलो. आधीच विचारायला हवं होतं. आता विचारतो. माझ्याबरोबर पुण्याला येशील का?"

तिने चहाचा कप खाली ठेवला. विचार केला, अगदी मनापासून. मी पूर्ण ऐकलं, मध्ये बोललो नाही.

"विचारलंत, बरं वाटलं," ती म्हणाली. "नाही येणार."

"पण आता तर विचारलं ना मी!"

"म्हणून तर उत्तर देता आलं."

"मग मी काय करू? फ्लॅट, नोकरीचा अर्ज... मी तिथे एकटा काय करणार?"

"ते मला माहीत नाही. तुम्ही जावं असं मला वाटत नाही. पण मी इथेच आहे. कावेरी आणि मी जानेवारीपासून वरच्या मजल्यावरची खोली घेतोय क्लासला."

मी म्हटलं, हे कधी ठरलं? म्हणाली, जूनमध्ये. सांगितलं का नाहीस? सांगितलं होतं, म्हणाली. तीन वेळा. मला एकदाही आठवत नाही. ती खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. मग मला रडू आलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काही वेळ तसाच राहू दिला. तेवढ्यात फोन वाजला.

विठोजीराव. आवाज इतका मोठा की तिलाही ऐकू जात होता. नाटक गाजलंय, म्हैसूरच्या मंडळाने बोलावलंय, संक्रांतीला, जानेवारीत. ते नवीन वाक्य ठेवायचंच. जोडी हीच पाहिजे. "आहात ना जानेवारीत इथे? इल्ले इरतीरल्ला? मला आज त्यांना सांगायचंय."

मी सवयीने फोन तिच्यापुढे धरला. घराबाहेरची सगळी आमंत्रणं तीच बघते.

तिने हात पुढे केला नाही. "तुम्हाला विचारतायत," म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

मी विठोजीरावांना म्हटलं, थोड्या वेळात सांगतो. दुपार झाली, जेवण झालं, ती क्लासलाही गेली. अजून फोन केलेला नाही.